चारनंतरचं सूप

१

हरवले-सापडलेच्या खिडकीवर लोकांनी आजवर काय काय हरवल्याचं सांगितलं होतं. छत्र्या, चष्मे, एका पायातली चप्पल, कवळी, आणि एकदा तर एका सुनेने चक्क सासरे हरवल्याची नोंद केली होती. ते दुसऱ्या मजल्यावर मालिशच्या खुर्चीत घोरत सापडले. बावीस वर्षं ती खिडकी सांभाळणाऱ्या बाईला कशाचंच आश्चर्य वाटेनासं झालं होतं. पण शुक्रवारी सकाळी तिची सख्खी भाचीच खिडकीपुढे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, माझी चिठ्ठी हरवलीय." तेव्हा मात्र मावशीने हातातली वही मिटली. पोरीचे डोळे रडून रडून सुजले होते.

भाची तिला मावशी म्हणे म्हणून आख्खा मॉल मावशी म्हणायला लागला होता. आईवेगळ्या पोरीला तिनेच वाढवलं, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जपानी गल्लीत वेटर म्हणून तिनेच चिकटवलं. गल्ली म्हणजे एका रांगेतली पाच रेस्टॉरंटं, बाहेर कागदी कंदील, काचेत मेणाची खोटी जेवणं आणि मागून सगळ्यांच्या स्वयंपाकघरांना जोडणारा एकच अरुंद बोळ. भाची भाताच्या दुकानात कामाला होती. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे उस्ताद म्हणत. तिथे कटलेट, भात, चिरलेला कोबी आणि आंबवलेल्या सोयाबीनचं गरम सूप मिळे. शेजारचं दुकान शेवयांचं. कुट्टूच्या, म्हणजे उत्तरेत उपासाला खातात त्या दाण्यांच्या, पिठाच्या करड्या शेवया, त्यांना तिकडे सोबा म्हणतात.

आणि कुट्टू हेच तर सगळ्या अनर्थाचं मूळ होतं. काल, गुरुवारी संध्याकाळी, भाताच्या दुकानात दर आठवड्याला येणाऱ्या एक चित्रकलेच्या शिक्षिका जेवता जेवता खुर्चीवरून कोसळल्या. त्यांना सगळी गल्ली टीचर म्हणे. टीचरना कुट्टूची भयंकर ॲलर्जी होती. घसा आवळला, ओठ निळे पडले. दवाखान्यात अजून नळ्या लावून ठेवल्या होत्या आणि डॉक्टर काही बोलायला तयार नव्हते.

"मी चिठ्ठी लावली होती गं," भाची म्हणाली. "'कुट्टू नको,' मोठ्या अक्षरात. उस्तादांच्या डोक्यावर ऑर्डरी टांगतात त्या तारेला, माझ्या हाताने. आता तिथे नाहीये, आणि उस्ताद म्हणतात त्यांनी पाहिलीच नाही."

"मग मॅनेजर काय म्हणतो?"

"म्हणतो, मी लावलीच नाही. मुद्दाम. संध्याकाळी सहाला कागद पोलिसांकडे जाणार आहे. माझ्या नावाचा."

२

मावशीने खिडकीवर "दहा मिनिटांत येते" ही पाटी लावली, भाचीला आत घेतलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. हरवलेली वस्तू शोधायची तिची एक रीत होती. वस्तू कुठे हरवली हे ती कधी विचारत नसे. ते माहीत असतं तर माणूस खिडकीवर आलाच नसता. ती विचारायची, काय काय केलंस ते सांग.

"पण आधी हे सांग, मुद्दाम का म्हणतो तो?"

भाचीने मान खाली घातली. मागच्या गुरुवारी ती चिठ्ठी लावायला विसरली होती. उस्तादांनी टीचरना ओळखलं म्हणून निभावलं, पण टीचरनी सगळ्यांदेखत तिला झाडलं. ती रडत मागच्या बोळात गेली आणि चार जणांसमोर बोलून बसली: एकदा खाऊनच बघा म्हणावं, काय होतंय ते.

"जिभेला हाड नाही तुझ्या," मावशी म्हणाली.

"रागात बोलले गं!"

"रागातलंच लोकांच्या लक्षात राहतं. बरं, कालचं सांग. तीनपासून. काही गाळू नकोस."

"तीनला टेबलं पुसली. तांदूळ धुतले. सोयाच्या बाटल्या भरल्या, कोबी चिरला, गरम पाणी आणलं, पेले पुसले. सव्वाचारला टीचर आल्या, बरोबर त्यांची नणंद. एरवी बाराच्या ठोक्याला येतात, काल उशिरा आल्या. काउंटरवर बसल्या. मी चिठ्ठी लावली. ताटं मी नाही दिली, काउंटरवाल्यांना उस्ताद स्वतःच वरून देतात. मग टीचरनी सूप परत मागितलं. दुसरी वाटी मी दिली." तिने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "ती संपवली आणि पाच मिनिटांत..."

"सूप कुठून घेतलंस?"

"पातेल्यातून, दुसरं कुठून? सगळ्यांना तेच."

"पातेल्यात उरलेलं तपासलं का कोणी?"

"उरलंच नाही. धावपळ चालू होती तेव्हा उस्तादांनी ते घासून पालथं घातलं. स्वतः घासलं, मावशी. भांडी घासायला कधी हात न लावणारा माणूस."

मॅनेजर खिडकीवरून जाता जाता थांबला. वाईट माणूस नव्हता. पण मॉलचं नाव खराब होईल या भीतीने त्याचा जीव टांगणीला लागला होता, म्हणून तर दुकान आजही उघडं ठेवलं होतं. तो म्हणाला, "मावशी, मी सकाळी कोठार पाहिलं. भाताच्या दुकानात कुट्टूचा कणसुद्धा नाही. पिठात नाही, तेलात नाही, मसाल्यात नाही. आणि ह्याच टीचर तीन महिने दर गुरुवारी तेच जेवण जेवल्यात, एकदाही शिंकल्या नाहीत. म्हणजे काल कोणीतरी बाहेरून आणून टाकलं. शेजारी पोत्यांनी पीठ आहे. वाटीत चिमूटभर टाकायला किती वेळ लागतो?"

 त्याचं बोलणं रास्त होतं, आणि ती दुसरी वाटी देणारी पोरगी मावशीच्या शेजारीच बसली होती.

३

एक वाजता खिडकीवर एक उंच बाई आली. रात्रभर झोप नसल्याचं चेहऱ्यावरच दिसत होतं. गडबडीत राहिलेली वहिनीची कापडी पिशवी हवी होती. मावशीने पिशवी काढून दिली, सही घेतली आणि विचारलं, "कशा आहेत आता?"

"तशीच आहे." नणंदेने पिशवी छातीशी धरली. ती जायला वळली, पण पाऊल उचललं नाही. दुःखातल्या माणसाला अनोळखी कान बरा वाटतो, हे मावशीला ठाऊक होतं. तिने मुकाट्याने स्टूल पुढे सरकवलं.

"मी तिला उशिरा आणलं," नणंद म्हणाली. "माझं काम आटपेना. ती म्हणत होती, मी बारालाच जाते. मी म्हटलं, एक दिवस माझ्यासाठी थांबलीस तर काय बिघडेल? आणि हे ॲलर्जीचं... खरं सांगू? घरात आम्हाला ते नाटक वाटायचं. मी स्वतः म्हणाले होते, थोडं खाल्लंस तर मरणार आहेस का?"

"मग काल?"

"ती घसा धरून पर्सकडे बोट दाखवत होती. पर्समध्ये इंजेक्शन असतं. मी आधी नुसती बघत बसले. मला वाटलं, चाललं हिचं पुन्हा." तिने डोळे पुसले. "मग ओठांचा रंग पाहिला आणि टोचलं. डॉक्टर म्हणाले, टोचलं म्हणून इथवर आली. आधी टोचलं असतं तर काय, ते मी विचारलं नाही."

जी बाई स्वतःच्या हाताने इंजेक्शन देते आणि वर आपलाच गुन्हा परक्यापुढे कबूल करते, तिने विष कशाला घालावं? मावशीने तिला मनातल्या मनात सोडून दिलं. तरी विचारलं, "तुम्हीही तेच जेवलात?"

"अगदी तेच. फक्त ताट वेगळं. तिला निळं, मला काळं. मी चेष्टाही केली, तुझे इथेसुद्धा वेगळे लाड! आणि सूप मला आवडलं. दाट होतं, जिभेवर मऊ लागत होतं. ती म्हणाली, बाराला इतकं छान नसतं गं. म्हणून तर दुसऱ्यांदा घेतलं."

नणंद गेली. मावशी आत आडोशाला बसलेल्या भाचीकडे वळली. "निळं ताट कधी देतात?"

भाचीने भुवया उंचावल्या. "चिठ्ठी असेल तरच. उस्तादांचा नियमच आहे. चिठ्ठी वाचायची, मग हात धुवायचे, चिरायचा पाट बदलायचा, सुरी बदलायची, निळं ताट काढायचं. एरवी निळ्याला हात लावू देत नाहीत कोणाला." आणि मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. "मावशी! काल निळं होतं?"

म्हणजे उस्तादांनी चिठ्ठी वाचली होती. वाचली, आणि इमानेइतबारे पाळलीही. मग पाहिलीच नाही असं खोटं ते कशासाठी बोलले?

४

अडीच वाजता शेवयांच्या दुकानाची मालकीण आली. ही गल्लीतली सगळ्यांची ताई. बोलायला लागली की रेल्वेचं फाटक पडल्यासारखं बाकी सगळ्यांनी थांबायचं.

"मावशी, लिहून घ्या. लाल लाकडी भांडं, चौकोनी, कोपऱ्यातून नळी निघालेली. कालपासून सापडत नाही. तीन होती, दोन राहिलीत. दिवसभर हातोहात फिरतं हो ते, कुठे पडलं कोण जाणे! शेजारी विचारलं, उस्ताद म्हणतात आमच्याकडे नाही. आणि त्या टीचरचं ऐकून माझं तर अन्न गोड लागत नाहीये. त्या माझ्या दुकानावरून जातानासुद्धा नाकाला रुमाल लावायच्या. मला राग यायचा! आता वाटतं, बरोबरच होतं बाईचं."

"भांडं कशाचं म्हणून लिहू?"

"गरम पाण्याचं. शेवया खाऊन झाल्या की गिऱ्हाईकाला त्यातून पाणी देतो. उरलेल्या सॉसमध्ये ओतून पितात. आमच्याकडची रीत आहे ती."

मावशीने लिहिलं: लाल भांडं, गरम पाण्याचं, एक. ताईने सही केली आणि बोलत बोलतच निघून गेली.

मावशी वहीकडे बघत बसली. बावीस वर्षांत तिला एक गोष्ट कळली होती. खरोखर हरवलेली वस्तू एकटी हरवते. एकाच दिवशी, एकाच बोळातून, दोन वस्तू गेल्या आणि दोन्हींबद्दल एकच माणूस "माहीत नाही" म्हणत असला, तर त्या हरवलेल्या नसतात. त्या ठेवलेल्या असतात.

५

साडेचारला मावशी भाताच्या दुकानात गेली. रोज याच वेळेला भाची तिला खिडकीवर सूप आणून द्यायची. आज ती स्वतःच काउंटरवर जाऊन बसली.

उस्ताद साठीचे होते. हात स्थिर, तोंड बंद. भाचीला सुरी धरायला त्यांनी शिकवलं होतं, आणि भाची त्यांना बापाच्या जागी मानायची. आज त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही. न सांगताच सुपाची वाटी तेवढी पुढे सरकवली.

मावशीने घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. चव तीच, वास तोच, पण सूप पाण्यासारखं पातळ होतं. रोज चारनंतरचं सूप असं नसायचं. नणंद म्हणाली तसं असायचं, दाट आणि मऊ. टीचर म्हणाल्या होत्या, बाराला इतकं छान नसतं.

"उस्ताद, सूप आज वेगळं लागतंय."

"हात नाही लागला आज."

"हात लागला नाही, की दुसरं काही पडलं नाही?"

ते वळले आणि कोबी चिरू लागले. कोबी आधीच ढीगभर चिरलेला होता.

मावशी उठली. टीचर तीन महिने बाराला आल्या, काही झालं नाही. काल चारनंतर आल्या आणि कोसळल्या. चारनंतरच्या सुपात काहीतरी असायचं, जे बाराच्या सुपात नसायचं. आणि जे असायचं, ते आज घातलं नव्हतं. घालणाऱ्याला कळून चुकलं होतं म्हणून. पण दुकानात कुट्टूचा कणही नाही, हे मॅनेजरने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने पीठ पाहिलं, तेल पाहिलं, मसाले पाहिले. काय पाहिलं नसेल? जे कोणी सामान म्हणून धरतच नाही, ते.

ती मागच्या बोळातून सरळ ताईच्या स्वयंपाकघरात शिरली. मोठ्या हंड्यात शेवया उकळत होत्या. पाणी दुधाळ, करडं झालं होतं.

"ताई, गिऱ्हाईकाला देता ते पाणी म्हणजे हेच?"

"हेच की! सकाळी साधं असतं, दुपारपर्यंत शेवयांचं पीठ उतरून उतरून असं दाट होतं. सुपात घाला, नुसतं लोणी! उस्तादांचं बाराचं सूप तीनला संपतं, मग दुसरं पातेलं चढवताना ते माझ्याकडूनच..." ताई थांबली. आयुष्यात पहिल्यांदा वाक्याच्या मध्येच थांबली असेल. तिचा हात तोंडावर गेला.

"किती दिवस चाललंय?"

"दोन-तीन महिने. शेजारधर्म म्हणून देतो हो. पाणीच तर ते! माझ्या मनातही आलं नाही..."

"न्यायला कोण येतं? उस्ताद?"

ताईने तिच्याकडे नवलाने पाहिलं. "ते कशाला येतील? तुमची भाची येते. रोज, पावणेचारला. लाल भांड्यातून तीच नेते."

६

मावशी बोळात भिंतीला टेकून उभी राहिली. कोबी चिरला, गरम पाणी आणलं, पेले पुसले. पोरीने सकाळीच सांगितलं होतं आणि दोघींनीही ऐकलं नव्हतं.

भाचीला सोडवायचं तर खरं सांगायला हवं होतं. आणि खरं सांगायचं तर, जे टीचरच्या पोटात गेलं ते भाचीने स्वतः वाहून आणलं होतं, हे तिला कळणार होतं. पोलिसांच्या कागदातून ती एक दिवस सुटली असती. यातून कशी सुटणार? मावशीला रडू आलं आणि रागही आला, कोणाचा ते तिलाही सांगता आलं नसतं.

पाच वाजून गेले होते. ती परत उस्तादांपुढे जाऊन उभी राहिली.

"निळं ताट तुम्ही काढलंत. म्हणजे चिठ्ठी वाचलीत. पाट बदललात, सुरी बदललीत, सगळं केलंत. आणि सूप पातेल्यातलंच वाढलंत."

उस्तादांनी सुरी खाली ठेवली. फडक्याने हात पुसले.

"चाळीस वर्षं," ते शेवटी म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्या हातून चूक नाही झाली. पीठ, तेल, अंडं, सगळं मोजतो मी. पण पाणी मी कधी पदार्थ धरलंच नाही, मावशी. ती खाली पडली, मी पातेल्याकडे पाहिलं आणि माझे पाय गेले."

"आणि पोरीवर आळ आला तेव्हा?"

"तेव्हाही गेलेलेच होते." त्यांनी तांदळाच्या डब्यामागून लाल भांडं काढलं. आत घडी केलेली चिठ्ठी होती. "लोक माझ्या सुपासाठी येतात. शेजारच्या पाण्याने ते चांगलं होतं, हे मला कोणाला कळू द्यायचं नव्हतं. पोरीलाही नुसतं गरम पाणी आण म्हणून सांगायचो. तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"मग सांगू नका. चला, मी येतो."

७

सहाला पाच मिनिटं कमी होती. मॅनेजरच्या खोलीत भाची एका कोपऱ्यात उभी होती, हात पाठीमागे बांधून. टेबलावर कागद तयार होता, फक्त सही राहिली होती.

उस्तादांनी चिठ्ठी आणि भांडं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. दुपारचं पातेलं, शेजारच्या हंड्यातलं पाणी, घासून टाकलेला पुरावा, दडवलेली चिठ्ठी. काही राखलं नाही. मॅनेजर ऐकत गेला तसा त्याचा चेहरा सैल पडत गेला. त्याने कागद फाडला.

"आणि हे पाणी आणायचं कोण?" त्याने नवा कागद घेत विचारलं.

"मीच," उस्ताद म्हणाले. "रोज मी स्वतः."

मावशीने खाली पाहिलं. ताईला ती समजावू शकली असती. एक वाक्य होतं, कोणाचं काही बिघडत नव्हतं, आणि पोरगी आयुष्यभर सुखाने झोपली असती. गप्प बसणं इतकं सोपं मावशीला कधीच वाटलं नव्हतं. ती गप्प बसली.

भाची त्या लाल भांड्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला तो मावशीने पाहिला, आणि तिला कळलं की आता काही उपयोग नाही.

"उस्ताद खोटं बोलताहेत," भाची म्हणाली. "पाणी मी आणायचे. पावणेचारला. कालही मीच आणलं."

"पोरी, तू गप्प बस," उस्ताद म्हणाले.

मॅनेजरने पेन वर धरलं. "तुला माहीत होतं, त्यात काय आहे?"

"नाही."

"मग कशाला सांगतेस? तुझं नाव सुटलंय. उगाच पायावर धोंडा का पाडून घेतेस?"

"त्या शुद्धीवर आल्या की विचारतील ना, हे माझ्या ताटात आलं कसं?" तिने लाल भांड्यावर हात ठेवला. "मागच्या वेळी त्या मला ओरडल्या तेव्हा मला वाटलं, किती बाऊ करते ही बाई. त्यांच्या घरच्यांनाही तसंच वाटायचं. आता तरी कोणीतरी त्यांना नीट सांगायला हवं. लिहा. पाणी मी आणलं."

मॅनेजरने उस्तादांकडे पाहिलं, मावशीकडे पाहिलं.  मग त्याने लिहिलं.

बाहेर आल्यावर भाचीने ॲप्रन सोडला, नीट घडी केली आणि उस्तादांच्या हातात दिला. त्यांना काही म्हणायचं होतं, पण ती थांबली नाही. मावशी तिच्यामागे जवळजवळ धावतच सरकत्या जिन्यापर्यंत गेली.

"कुठे निघालीस?"

"दवाखान्यात."

"ती नणंद दारातच असेल. आत सोडायची नाही तुला. नको नको ते बोलेल."

"बोलू दे."

"आणि टीचर शुद्धीवर आल्याच नाहीत तर?"

भाची जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली आणि पायरी तिला खाली घेऊन चालली. तिने मागे वळून मावशीकडे पाहिलं. 

मावशीने खिडकीची किल्ली खिशात टाकली आणि तिच्यामागोमाग पायरीवर पाऊल ठेवलं.